गावच्या गॅरेजात गाडी उघडली म्हणून वॉरंटी जाते का?

पिंपरी : "बाहेर गाडी उघडली तर वॉरंटी संपली." कार घेणाऱ्या बहुतेकांनी हे वाक्य ऐकलंय. मग माणूस ऑइल बदलायलाही गावचं गॅरेज सोडून तीस किलोमीटर लांब जातो. पण अशी सरसकट अट घालता येणार नाही, असं भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ लाच सांगितलंय.

तक्रार एका ग्राहकाची, २०११ सालची. तीन कंपन्यांवरून चौकशी सुरू झाली आणि शेवटी १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी ६५ लाखांचा दंड झाला. त्यात आपल्या पट्ट्यातली नावं बघा : पिंपरीची टाटा मोटर्स (एकटीला १,३४६ कोटी), चाकणला कारखाने असलेल्या महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज आणि तेव्हा तळेगावात असलेली जनरल मोटर्स.

आयोगाचं म्हणणं साधं. कार घेईपर्यंत दहा कंपन्या आपल्या मागं असतात. घेतली की तिच्या पार्टसाठी एकच दुकान उरतं, भावही तोच ठरवणार. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपात आपलीच पोरं पार्ट बनवतात, पण बनवणाऱ्यानं तो खुल्या बाजारात विकायचा नाही, असे करार. खरी गोम इथंच आहे. कांदा विकताना घेणारे मोजके आणि पार्ट घेताना विकणारा एक, दोन्हीकडून आपणच अडकतो.

आयोगानं सांगितलं, पार्ट आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजवाल्यांनाही मिळू द्या, पार्टचे भाव वेबसाइटवर टाका. बाहेर काम केलं म्हणून सगळी वॉरंटी रद्द करू नका. चुकीच्या दुरुस्तीनं जेवढं बिघडलं तेवढ्यापुरतीच नाकारा.

पुढं कोर्टकचेरी झाली. टोयोटा, फोर्ड, निसान यांच्या अपिलात न्यायाधिकरणानं डिसेंबर २०१६ मध्ये दोष कायम ठेवला, दंड मात्र फक्त पार्टच्या धंद्यावर मोजायला सांगितला. इतर कंपन्याही भांडत राहिल्या. त्यामुळं नुसता निकाल दाखवला की काम होईल, असं नाही.

आणखी एक, हा निकाल कारपुरता आहे. ट्रॅक्टरवाल्यांना वेगळी तक्रार करावी लागेल. आयोग कोणाला नुकसानभरपाई देत नाही. आपल्या एका गाडीचं भांडण जिल्हा ग्राहक आयोगात न्यायचं. वॉरंटी नाकारली तर कारण लेखी मागा, बिल जपून ठेवा आणि आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा.