छतावर सूर्य, घरात अंधार

घराच्या छपरावर वीज निर्माण करण्यास उत्तेजन देणाऱ्या सरकारी धोरणाचे स्वागत करावयास हवे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेने एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले आणि तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांचे अनुदान देऊ केले. परंतु या उत्साहात एक साधी गोष्ट ग्राहकाच्या कानावर क्वचितच घातली जाते. बॅटरी नसलेला सर्वसाधारण संच, बाहेरची वीज गेली की भर उन्हातही बंद पडतो!

हा यंत्राचा दोष नव्हे. पुरवठा बंद आहे असे समजून तारेवर काम करणाऱ्या वायरमनला घराघरांतून उलट येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून अशा वेळी इन्व्हर्टरने थांबलेच पाहिजे, असा दंडक आहे आणि तो योग्यच आहे. मात्र त्याचा अर्थ असा, की बिल कमी करणे आणि अंधार टाळणे ही दोन भिन्न प्रयोजने आहेत. पहिल्यासाठी पॅनेल व नेट मीटर पुरेसे होतात. दुसऱ्यासाठी बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. अनुदान मोजले जाते ते पॅनेलच्या किलोवॅटवर, बॅटरीवर नव्हे. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. अशा प्रसंगी बॅटरीविना पॅनेल म्हणजे छपराची शोभाच.

मग बॅटरी केवढी घ्यावी? येथे विक्रेत्याच्या वक्तृत्वापेक्षा कागद-पेन्सिलीवर भिस्त ठेवणे बरे. नऊ वॅटचे पाच दिवे आणि पंचाहत्तर वॅटचे दोन पंखे मिळून सुमारे २०० वॅट होतात; ते पाच तास चालविले की एक युनिट खर्ची पडते. बारा व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदोपत्री १.८ युनिट साठविते. परंतु लेड-ॲसिड बॅटरी टिकावी अशी इच्छा असेल, तर त्यातील निम्म्यावरच समाधान मानावे लागते. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी महाग खरी, पण साठ्याचा ऐंशी टक्के भाग ती निर्धास्तपणे देते आणि अधिक वर्षे टिकते. गीझर, पंप आणि वातानुकूलन यंत्र यांनाही याच पंक्तीला बसविण्याचा मोह झाला, की खर्चाला धरबंध राहत नाही.

कोकणाच्या बाबतीत आणखी एक तारतम्य हवे. तेथे वीज जाते ती मुख्यतः पावसाळ्यात, म्हणजे सूर्यही दडी मारून बसलेला असतो तेव्हा. म्हणून महावितरणच्या विजेवरही भरून घेता येईल अशीच बॅटरी निवडली पाहिजे. उलट, जेथे महिन्याकाठी तास-दोन तासच वीज जाते, तेथे साधा इन्व्हर्टरही काम भागवितो. त्यासाठी मोठ्या बॅटरीचे ओझे उचलण्याचे कारण नाही.

ग्राहकाने सही करण्यापूर्वी दोन गोष्टी विक्रेत्याकडून लेखी घ्याव्यात: वीज गेल्यावर काय चालेल, आणि किती तास? योजना राबविणाऱ्यांनीही, बॅटरीविना संच अशा वेळी बंद राहील, हे अर्जावरच ठळक अक्षरांत छापावे. त्यास खर्च येणार नाही. मात्र ते न छापल्यास फसगतीची भावना छपराछपरावर साचत जाईल आणि एका चांगल्या योजनेवरील लोकांचा विश्वास पहिल्याच वादळात उडून जाईल.