फाइल खराब नाही हो!

मंडळी, आज थोडे भांडायचे आहे. विषय वरवर पाहता किरकोळ. गाडीच्या पुढच्या काचेला आतून चिकटवतात तो छोटा कॅमेरा, ज्याला सगळे डॅशकॅम म्हणतात, त्याचे चित्रण घरच्या संगणकावर का दिसत नाही? गेल्या वर्षभरात हा प्रश्न माझ्याकडे चार जणांनी आणला. (निवृत्त मास्तराने सगळ्यांच्या शंका फुकट सोडवायच्या असतात. त्याबद्दल तक्रार नाही.) चौघांनाही आधी कुणी ना कुणी एकच उत्तर देऊन वाटेला लावले होते: "फाइल खराब आहे." चारपैकी तिघांच्या फायली ठणठणीत होत्या. माझे भांडण या उत्तराशी आहे.

त्यातले एक प्रकरण घरातलेच. आमचे जावई सिग्नलला थांबले होते. पुढचा टेम्पो मागे आला आणि बॉनेटवर आदळला. टेम्पोवाला म्हणतो, तुम्हीच मागून ठोकलेत. साक्षीदार कोण? काचेवरचा कॅमेरा. संध्याकाळी कार्ड संगणकाला लावले तर आवाज स्पष्ट. हॉर्न ऐकू येतोय, "अहो, तो मागे येतोय!" हे माझ्या मुलीचे ओरडणे ऐकू येतेय, आणि पडदा काळा ठिक्कर. विम्याचा सर्व्हेअर दोन दिवसांत येणार. जावई कॅमेरा घेतला त्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "साहेब, फाइल करप्ट झाली. आणि तुमचा पीसी पण जुना आहे, नवीन घेऊन टाका." म्हणजे सात हजारांच्या कॅमेऱ्यातले दोन मिनिटांचे चित्रण पाहायला पन्नास हजारांचा संगणक!

आता जरा शांतपणे पाहू. कॅमेऱ्याने टिपलेली चित्रे जशीच्या तशी ठेवली तर कार्ड बघता बघता भरेल. म्हणून ती दाबून, एका ठरावीक पद्धतीने लिहून ठेवतात. त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. जुनी आणि सर्वत्र चालणारी पद्धत एच.२६४, ती २००३ची. नंतर २०१३ मध्ये एच.२६५ आली, तिलाच एचईव्हीसी असेही म्हणतात. त्याच दर्जाचे चित्र ती साधारण निम्म्या जागेत बसवते, म्हणून नव्या कॅमेरेवाल्यांना ती आवडते. फाइलच्या नावापुढे दोन्ही वेळा एमपी४ हेच शेपूट असते, त्यामुळे वरून फरक कळत नाही. दिसायला पाकीट एकच, आतली लिपी वेगळी.

लिपी हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. घरोघरी जुन्या ट्रंकेत मोडीतले दस्त असतात. आपल्याला ते वाचता येत नाहीत. पण म्हणून कुणी "कागद खराब आहे" असे म्हणत नाही. आपण मोडी जाणणारा शोधतो. संगणकाने काय करावे? त्याने "मला ही लिपी येत नाही" असे सरळ सांगावे. त्याऐवजी तो "ही फाइल चालवता येत नाही" म्हणतो आणि पुढे ०एक्ससी००डी५२१२ असला एखादा आकडा फेकतो. वर्गातल्या पोराने असे उत्तर दिले असते तर मी त्याला बाकावर उभे केले असते. या आकड्याचा अर्थ एवढाच, की कोडेक नाही. पण तो अर्थ साध्या भाषेत लिहायला यांची लेखणी अडखळते.

बरे, लिपी येत नाही हेही अर्धसत्य. खरी मेख पुढेच आहे. मोडीचा कुणी मालक नाही. एच.२६५ला मालक आहेत, आणि एक नव्हे, पेटंटधारकांचे अनेक गट. प्रत्येकाला परवाना शुल्क हवे. म्हणून विंडोजच्या १० आणि ११ या आवृत्त्यांत बऱ्याच संगणकांवर हे वाचनयंत्र आधीपासून नसते, कंपनीच्या दुकानातून वेगळे विकत घ्यावे लागते. रक्कम फुटकळ आहे, पण त्यासाठी खाते उघडा, कार्डाचा नंबर द्या. सत्तरीतल्या किती माणसांना ते जमेल, आणि जमले तरी त्यांनी ते का करावे? त्याहून कहर म्हणजे, २०२५ मध्ये एचपी आणि डेल यांनी आपल्या काही लॅपटॉपांत, प्रोसेसरमध्ये मुळात असलेली एचईव्हीसी वाचण्याची सोयच बंद करून ठेवल्याच्या बातम्या आल्या. यंत्राला वाचता येते, पण त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून ते विकायचे! आणि ग्राहकाला सांगायचे की तुझी फाइल खराब.

यावर उपाय आहे आणि तो चकटफू आहे. व्हीएलसी नावाचा प्लेअर पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून जन्मला आणि २००१ पासून मुक्त परवान्याखाली मिळतो. वाचनयंत्रे तो स्वतःच्या पोटातच घेऊन येतो. (त्याचे चिन्ह रस्त्यावर ठेवतात तो केशरी शंकू. डॅशकॅमला याहून शोभेसे काय असणार!) जावयांच्या त्याच "जुन्या" संगणकावर तो बसवला आणि टेम्पो मागे येताना नंबरप्लेटसकट दिसला. चित्र थोडे अडखळत होते. मोठ्या आकाराचे चित्रण जुन्या प्रोसेसरला जड जाते. फाइल कार्डावरून आधी संगणकाच्या डिस्कवर उतरवून घेतली तेव्हा तेही बरेच सुधारले.

दुसरा सल्ला सर्रास दिला जातो तो "कन्व्हर्ट करून घ्या" हा. कुठल्यातरी फुकट संकेतस्थळावर फाइल चढवायची आणि बदललेली उतरवून घ्यायची. पाहण्यापुरते करायचे तर करा. पण मूळ फाइल पुसून हे केलेत तर पुरावाच हातचा घालवाल. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३नुसार अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीबरोबर प्रमाणपत्र लागते आणि त्याच्या नमुन्यात फाइलचा हॅश लिहायचा असतो. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसाच. कन्व्हर्ट केलेल्या फाइलचा ठसा मूळ फाइलशी जुळणार नाही. हे कागदी घोडे आहेत असे ज्यांना वाटते त्यांनी जालन्याचे प्रकरण आठवावे. २०१४ची विधानसभा निवडणूक, पुरावा निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या चित्रणाचा, आणि वाद पोचला सर्वोच्च न्यायालयात. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात २०२० मध्ये न्यायालयाने सांगितले की मूळ साधन हजर नसेल तर प्रमाणपत्र हवेच. तेव्हा जुना कायदा होता, पण मुद्दा तोच. म्हणून अपघातानंतर पहिले काम, कार्ड कॅमेऱ्यातून काढून ठेवा. कॅमेरा फिरते चित्रण करतो, जागा संपली की जुने पुसून त्यावर नवे लिहितो. दोन दिवस गाडी चालवलीत की साक्षीदार गायब.

आता चौथी फाइल. ती खरोखर बिघडलेली होती, तेही सांगायलाच हवे. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका बहुधा चित्रण संपताना शेवटी लिहिली जाते. धडकेत कॅमेऱ्याची वीज तुटली तर पाने राहतात आणि अनुक्रमणिका राहत नाही. मग व्हीएलसीही हात टेकतो. अशी फाइल ओळखायची खूण म्हणजे आधीच्या सगळ्या चालतात, नेमकी शेवटची तेवढी अडते. त्याच कॅमेऱ्याची एखादी चांगली फाइल नमुन्याला देऊन अशी फाइल काही वेळा दुरुस्त होते, जाणकाराकडून करून घ्या. पण मला विचाराल तर हा दोषही मालकाचा नव्हे. वीज गेल्यावर फाइल नीट मिटण्यापुरता साठा धरून ठेवणारा कपॅसिटर काही कॅमेऱ्यांत असतो. अपघातासाठीच विकलेली वस्तू नेमकी अपघातात अर्धवट राहणार असेल, तर ती विकली कशासाठी?

कॅमेऱ्याच्या खोक्यावर काय काय छापलेले असते पाहा. फोर-के, नाइट व्हिजन, वायफाय, एकशे सत्तर अंशांची दृष्टी. चित्रण कुठल्या पद्धतीत साठते, ते साध्या विंडोजवर दिसेल की नाही, हे एका ओळीत लिहायला कितीशी शाई लागते? ज्यांच्या कॅमेऱ्यात दोन्ही पद्धती आहेत त्यांनी कारखान्यातून पाठवताना एच.२६४ लावून पाठवावी. कार्ड लवकर भरते म्हणून ज्याला एच.२६५ हवी, तो सेटिंगमध्ये जाऊन बदलेल. आज उलटे चालले आहे. अडाण्याने शिकावे आणि शहाण्याने विकावे.

तोपर्यंत कॅमेरा घ्यायला जाल तेव्हा पैसे देण्यापूर्वी दुकानातच दोन मिनिटे चित्रण करायला लावा. कार्ड काढून त्यांच्याच काउंटरवरच्या संगणकात घाला आणि म्हणा, "दाखवा." आमच्या जावयांनी दुसरा कॅमेरा घेताना असेच केले. दुकानदाराच्या पडद्यावरही काळोखच आला. तो काही क्षण पाहत राहिला आणि म्हणाला, "बहुतेक फाइल खराब आहे."