एचआरचा फोन नक्की कोणासाठी?

'हाय, कन्सल्टन्सीमधून बोलतेय. जॉबसाठी बघताय का?' असा फोन आला की वाटतं, चला, कोणीतरी आपल्यासाठी नोकरी शोधतंय. घरीही तसंच सांगितलं जातं, 'एका ठिकाणी नाव दिलंय, ते बघतायत.' गडबड इथूनच सुरू होते. फोनवरची ती व्यक्ती कंपनीसाठी माणूस शोधत असते. ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं, पण पैसे कोण देतंय ते बघितलं की फरक कळतो.

पैसे कंपनी देते. आपल्याकडे कन्सल्टन्सीचा सर्रास चालणारा रेट म्हणजे उमेदवाराच्या वार्षिक पॅकेजच्या ८.३३ टक्के. हा विचित्र आकडा आला कुठून? वर्षाचा बारावा भाग, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार. तोही तुम्ही प्रत्यक्ष जॉइन झाल्यावरच. त्यात आणखी एक अट असते, रिप्लेसमेंटची. तुम्ही ठरलेल्या मुदतीत, बहुतेकदा ९० दिवसांत, नोकरी सोडली तर कन्सल्टन्सीला दुसरा माणूस फुकटात शोधून द्यावा लागतो. ऑफर लेटर आल्यावर रोज गोड आवाजात 'जॉइन होताय ना नक्की?' विचारणारी ताई तीन महिन्यांनंतर एकदम गायब का होते, त्याचं उत्तर हे आहे. एकदम मोठ्या पदांसाठीचा प्रकार वेगळा. तिथे शोधाचे पैसे टप्प्याटप्प्याने, काही आधीच मिळतात. पण आपला त्या जगाशी संबंध यायला अजून वीस वर्षं आहेत, सोडून देऊ.

आता जरा गणित करू. समजा तुमची ऑफर ६ लाखांची आहे. कन्सल्टन्सीला मिळणार साधारण ५० हजार. तुम्ही म्हणालात, मला साडेसहा हवेत. वर्षाला ५० हजार जास्त, म्हणजे तुमच्यासाठी मोठीच गोष्ट. पण कन्सल्टन्सीची फी त्यामुळे किती वाढेल? चार हजार एकशे आणि काहीतरी. आणि ताणून धरल्यामुळे कंपनीने दुसरा उमेदवार घेतला तर जाणार पूर्ण ५० हजार. मग ती ताई तुमच्यासाठी भांडेल, की 'कंपनी चांगली आहे, ग्रोथ बघा, घेऊन टाका' म्हणेल? ती वाईट नाहीये हो. तिच्या जागी तुम्ही-मीही हेच केलं असतं. फक्त तिच्याकडून वकिलीची अपेक्षा ठेवू नका.

या फोनमागचं कामही एकदा बघण्यासारखं आहे. कंपनीतला मॅनेजर सांगतो, असा असा माणूस हवा. त्याचं जॉब डिस्क्रिप्शन बनतं. तेच अनेकदा तीन-चार कन्सल्टन्सींना एकाच वेळी दिलं जातं आणि मग शर्यत लागते. नोकरी डॉट कॉमसारख्या पोर्टलचा रेझ्युमेंचा साठा कन्सल्टन्सीने पैसे भरून विकत घेतलेला असतो. त्यात कीवर्ड टाकायचे, शहर, अनुभव, नोटीस पिरियड असे फिल्टर लावायचे आणि आलेल्या यादीला फोन करत सुटायचं. म्हणून 'टॅलीत अकाउंट्स बघितले' ही ओळ तुमच्या रेझ्युमेत नसेल, तर तुम्ही टॅलीचे बादशहा असलात तरी त्या सर्चमध्ये दिसणार नाही. रेझ्युमे फार कलात्मक डिझाइनचा, दोन-तीन रकान्यांचा असला तर सॉफ्टवेअरला तो कधी कधी नीट वाचताही येत नाही.

शर्यतीचा एक नियम कोणी सांगत नाही. तुमचा रेझ्युमे ज्या कन्सल्टन्सीने आधी पाठवला, तिचा तुमच्यावर हक्क. दोघींनी पाठवला तर फीचा वाद नको म्हणून कंपनी कधी कधी तुम्हालाच बाजूला ठेवते. त्यामुळे 'कंपनीचं नाव सांगा आणि मला विचारल्याशिवाय रेझ्युमे पाठवू नका' हे स्पष्ट बोलायला लाजायचं कारण नाही.

या टेबलापलीकडे बसलेली मुलं बऱ्याचदा आपल्याच वयाची असतात. माझ्या ओळखीतले दोघं ग्रॅज्युएशननंतर याच कामाला लागले. दिवसाला इतके कॉल, आठवड्याला इतके रेझ्युमे, महिन्याला इतकी जॉइनिंग, असं टार्गेट. जावा आणि जावास्क्रिप्ट वेगळं असतं हे त्यांना पहिल्याच आठवड्यात शिव्या खाऊन कळलं. त्यात ९० दिवसांचा नोटीस पिरियड. उमेदवार एक ऑफर खिशात टाकून तीन महिने दुसऱ्या दोन मिळवतो आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद करतो. रिक्रूटर उत्तर देत नाही म्हणून आपण चिडतो, तेव्हा हेही लक्षात ठेवायला हवं.

पण दोघांचं वजन सारखं नाही, आणि माझा आक्षेप तिथेच आहे. पहिल्या पाच मिनिटांत विचारलं जातं, 'करंट सीटीसी किती?' कंपनीचं बजेट काय हे मात्र गुलदस्त्यात. पहिली नोकरी कमी पगारात पकडावी लागलेल्या मुलाला पुढची ऑफरही त्याच आकड्यावर काही टक्के चढवून मिळते. घरची गरज म्हणून तेव्हा दहा हजारांवर 'हो' म्हटलेलं असतं आणि ते 'हो' अनेक वर्षं पगारातून कापलं जातं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ मध्ये कायदा करून ऑफर देण्याआधी जुना पगार विचारायला बंदी घातली. न्यूयॉर्क शहरानेही २०१७ मध्ये तसाच कायदा केला. आपल्याकडे निदान जाहिरातीत पगाराचा पट्टा छापायला काय हरकत आहे? कंपनीचा वेळ वाचेल, रिक्रूटरचे निम्मे कॉल वाचतील.

आणि जे उमेदवाराकडूनच पैसे मागतात त्यांचं काय? रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, नाव काहीही असो. धंदा कसा चालतो ते वर सांगितलंच. कंपनीकडून फी मिळणाऱ्याला तुमचे दोन हजार लागत नाहीत. ते लागतात, म्हणजे त्याच्याकडे बहुधा कंपनीच नाही. परदेशातल्या नोकरीची बात असेल तर एजंटची सरकारी नोंदणी आहे का ते आधी तपासा. १९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टनुसार ती सक्तीची आहे.

राहता राहिलं, इंटरव्ह्यूनंतरचं मौन. तीन राउंड देऊन, एक दिवस कॉलेज बुडवून किंवा सुट्टी टाकून, नाशिक-पुणे एसटीचं भाडं खर्चून आलेल्या मुलाला 'नाही' एवढंही कळवलं जात नाही. कारण काय, तर वेळ नाही. अर्ज सांभाळणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये नकाराचा ईमेल तयार करून ठेवता येतो. त्यानंतर फक्त एक बटण दाबायचं असतं.