वाळूच्या टेकड्या सपाट करू नका

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पुळणीच्या मागे उरलेल्या वाळूच्या टेकड्या कागदावर सुरक्षित आहेत. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने त्यांना सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात ठेवले आहे. तरीही कुठे शॅकसाठी, कुठे पार्किंगसाठी त्या सपाट होतात. म्हणूनच नुसत्या मनाईने भागणार नाही. उरलेला तुकडा कितीही लहान असो, तो पूर्ववत करण्याचे काम गावाने हाती घ्यायला हवे.

टेकडी ही किनाऱ्याची वाळूची शिल्लक असते. पावसाळी लाटा पुढची वाळू ओढून उथळ पाण्यात टाकतात आणि तिच्यावरच फुटून लाटांचा जोर ओसरतो. पाऊस सरला की समुद्र ती वाळू परत आणतो, वारा ती मागे ढकलतो आणि मर्यादवेल ती अडवते. या वेलीच्या सरपटत्या खोडाला पेरापेरावर मुळे फुटतात. वाळूखाली गाडली गेली तरी ती वर येऊन पुढे पसरते. टेकडीत मुरलेले पावसाचे पाणी जवळच्या विहिरी गोड राखायला मदत करते.

मग धूपप्रतिबंधक बंधारा का नको? घरे समुद्रात जाण्याच्या बेतात असतील तिथे तो बांधावा लागेलच. पण त्यावर आपटून फिरणारी लाट पायथ्याची वाळू घेऊन जाते आणि बंधारा संपतो तिथून पुढच्या किनाऱ्याची धूप वाढते. सुरूची लागवड हाही उपाय नव्हे. तिच्या पाल्याच्या थराखाली वेली तग धरत नाहीत, कासवांना अंडी घालायला मोकळी वाळू उरत नाही. २०२० च्या निसर्ग वादळात रायगडच्या किनाऱ्यावर सुरूची झाडे मोठ्या संख्येने उन्मळून पडली. वाळू जखडून ठेवणे हाच बचाव नव्हे: ज्या नेदरलँड्सचा मोठा भाग समुद्रसपाटीखाली आहे, तिथेही झुइड-केनेमरलँड राष्ट्रीय उद्यानात पुढच्या टेकड्यांना मुद्दाम खाचा पाडून वाळू पुन्हा खेळती केली आहे.

टेकड्या राखल्या तर पोटापाण्याचे काय, हा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर कोकणातल्या वेळास गावाने दिले आहे. तिथे कासवाची पिल्ले पाहायला येणारे पर्यटक गावकऱ्यांच्याच घरी उतरतात. टेकडीभोवती दोरीचे कुंपण, समुद्राकडे जायला एकच पायवाट, गाड्यांना बंदी आणि पहिल्या पावसात मर्यादवेलीची लावण, एवढे तर ग्रामपंचायतीच्या आवाक्यात आहे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक ग्रामसभेने येत्या पावसाळ्याआधी तसा ठराव करावा.