कळफलक कोणाच्या मालकीचा?

तारोडीतल्या घरी हा धागा इनस्क्रिप्टवर टंकत आहे. ‘क’च्या कळीला शिफ्टची जोड दिली की ‘ख’ उमटतो; बंगाली-गुजरातीतही ही जोडी त्याच कळीवर. वर्णमालेचे हे शहाणपण १९९१ मध्ये भारतीय मानकात नोंदले गेले, म्हणून ते कोणालाही वापरता येते.

याउलट, पडद्यावर बोट सरकवून फोन उघडण्याच्या साध्या युक्तीचे पेटंट घेऊन ॲपलने अमेरिकेत सॅमसंगला न्यायालयात खेचले!

आपल्याकडेही डिसेंबर २००४ च्या वटहुकमाने सॉफ्टवेअर पेटंटसाठी दार किलकिले केले होते. २००५ मध्ये संसदेने ती तरतूद वगळली, हे उचितच झाले. मात्र कलम ३(के) नाकारते ते ‘निव्वळ’ संगणक आज्ञावलीचे पेटंट. मला धास्ती वाटते ती या एका शब्दाचीच. पेटंटचे दावे त्याच्याच फटीतून आत शिरतात.