पेटवायचा की मांडायचा?

अब्बांचा सहलीचा पितळी स्टोव्ह परवा माळ्यावरून काढला. पाय सुटे करून पत्र्याच्या डब्यात बसणारा. अंजनेरीच्या पायथ्याशी अब्बा त्याच्यावर चहा करायचे. टाकीला अंगठा मावेल एवढा पोचा होता.

नाशिकच्या भांडी बाजारातल्या एका जुन्या कारागिराकडे नेला. त्यांनी हातोडी उचलली नाही. आधी विचारलं, "सर, पेटवायचा की मांडायचा?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. १८९२ साली स्वीडनच्या लिंडक्विस्ट यांनी प्रायमस स्टोव्ह काढला, तेव्हापासून या जातीच्या स्टोव्हचं तत्त्व एकच: पंपाने टाकीत हवा भरायची, दाबाने रॉकेल वर चढतं, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि ती जळते. म्हणजे टाकी हे साधं भांडं नाही, दाब सोसणारं भांडं आहे.

तांब्याचा पोचा आतून ठोकता येतो. बंद टाकीत हातोडी जात नाही. मग पोच्यावर पितळेची कांडी झाळून ती हळूहळू ओढतात. पण ठोकलं-वाकवलं की पितळ कडक होतं, पुन्हा वाकवलं तर चिरतं. मऊ करायला तापवावं, तर जोडांची झाळ आधी सुटते. शिवाय रॉकेलची वाफ राहिलेल्या टाकीला आच लावणं म्हणजे मरण ओढवणं. टाकी आधी साबणाच्या गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावी लागते.

म्हणून माझं मत असं: पोचा गुळगुळीत असेल, कडेला चीर नसेल, पाण्यात बुडवून पंप मारल्यावर बुडबुडे येत नसतील, तर तो तसाच राहू द्यावा. जोडावरचा किंवा धारदार पोचा असेल, तर स्टोव्ह फक्त मांडावा.

खरी भीती पोच्याची नाही, पॉलिशची आहे. खराब टाकी चकचकीत करून 'चालू' म्हणून विकणारे आहेत. 'स्टोव्हचा भडका' हे शब्द वर्तमानपत्रात वाचत आमची पिढी वाढली. मालातला ऐब ग्राहकाला सांगून विकावा, हे आम्ही घरातच शिकलो. तो झाकून विकणं म्हणजे कुणाच्या तरी स्वयंपाकघरात आग ठेवून येणं.

अब्बांचा पोचा जोडाला लागून होता. स्टोव्ह आता पुस्तकांच्या कपाटावर आहे, पोच्यासकट. मुलगा विचारतो, "अब्बू, नीट का नाही केला?" मी सांगतो, "बेटा, कारागीर खरं बोलला म्हणून."