पाटी आणि कीर्द

जुन्या पेढीवरचे दिवाणजी बेरीज-वजाबाकी पाटीवर करीत आणि हिशेब जुळला म्हणजे पक्की रक्कम तेवढी कीर्दीत उतरवीत. पाटी पुसली गेली तरी पेढीचे काही बुडत नसे, परंतु कीर्दीचे एक पान गहाळ झाले तर मालकासमोर उभे राहण्याची सोय उरत नसे. ई-मेलची ने-आण करणाऱ्या सर्व्हरच्या कारभारात या दोहोंची गल्लत वारंवार होताना दिसते, म्हणून हा लेखनप्रपंच.

आलेले पत्र पोस्टफिक्ससारखा टपाल-कारभारी प्रथम आपल्या रांगेत, म्हणजे डिस्कवर, दाखल करून घेतो आणि मग अमाविससारख्या तपासनिसाच्या हवाली करतो. हा तपासनीस पत्राची नक्कल आपल्या तात्पुरत्या कप्प्यात मांडतो, जोडपत्रे सोडवतो, झिप उलगडतो, एकेक तुकडा क्लॅमएव्हीकडून व्हायरससाठी तपासून घेतो आणि निकाल लागताच सारा पसारा पुसून टाकतो. जेमतेम काही क्षणांचे आयुष्य असलेल्या या फायली, जिला एक फेरा पुरा करण्यास 8 मिलिसेकंदांहून अधिक अवधी लागतो अशा, मिनिटाला 7,200 फेरे घेणाऱ्या तबकडीवर कोरीत बसणे हा शुद्ध अपव्यय होय. (तबकडीची जागा आता एसएसडीने घेतली असली, तरी प्रत्येक लेखनागणिक तिचीही झीज होतेच.) लिनक्समधील टीएमपीएफएस ही अशा कामासाठीच योजलेली पाटी आहे: दिसायला चारचौघींसारखी डिरेक्टरी, पण तिच्यातला मजकूर सारा रॅममध्ये. मध्येच वीज गेली तर नुकसान नक्कलेचे. कारण तपासलेले पत्र पुढे स्वीकारले गेल्याचा निर्वाळा मिळेपर्यंत पोस्टफिक्स मूळ पत्र रांगेतून काढीत नाही.

या सुखाची चटक लागली, की रांगच रॅममध्ये नेण्याचा मोह होतो. माझ्या परिचयाच्या एका कार्यालयात असे घडले. वेगाचे कौतुक चालले असतानाच एका दुपारी वीज गेली, यूपीएसनेही दगा दिला, आणि यंत्र पुन्हा सुरू झाले तेव्हा रांग कोरी होती. पाठवणाऱ्यांच्या नोंदवहीत मात्र प्रत्येक पत्रापुढे 250 हा आकडा, म्हणजे पत्र स्वीकारल्याची पोच, जशीच्या तशी होती. ती पोच देणे म्हणजे पत्राची जबाबदारी शिरावर घेणे होय. यंत्र मागाहून बंद पडले यासारख्या क्षुल्लक कारणाने पत्र हरवता कामा नये, असे 2008 सालच्या आरएफसी 5321 मध्ये स्पष्ट बजावले आहे. पोस्टफिक्सचे कर्ते वित्से वेनेमा यांनी मजकूर डिस्कवर पक्का उतरल्याखेरीज पोच द्यायची नाही, असा शिरस्ता ठेवला तो याच जाणिवेने. त्या डिस्कच्या जागी रॅम बसवून आपण पोच खोटी ठरवतो.

पाटीलाही मर्यादा घालावीच लागते. काही न सांगितल्यास टीएमपीएफएस यंत्राच्या निम्म्या रॅमपर्यंत वाढू शकते, आणि 42 किलोबाइटांची एक कुप्रसिद्ध झिप उलगडता उलगडता पेटाबाइटांत जाते. कप्प्याचा आकार ठरवून दिला असेल, तर तो भरल्यावर तपासनीस तूर्त नकार देतो आणि पत्र रांगेत थांबते.

ज्यांच्या ताब्यात असा सर्व्हर आहे त्यांनी आज घरी जाण्यापूर्वी माउंटचा तक्ता एकदा नजरेखालून घालावा. रांगेची डिरेक्टरी तेथे टीएमपीएफएसवर आढळली, तर आधी पोस्टफिक्स थांबवून ती डिस्कवर हलवावी. तोवर यंत्र रीस्टार्ट करू नये.